दुधातलं आयोडिन

१२ नोव्हेंबर १९३६. बॉस्टनमध्ये हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात, व्हँडरबिल्ट हॉलच्या मागच्या रांगेत तुम्ही बसला आहात. ओव्हरकोट मांडीवर. समोर एमआयटीचे अध्यक्ष कार्ल कॉम्प्टन बोलताहेत. भौतिकशास्त्र वैद्यकाच्या काय कामाला येईल, हा विषय. भाषण संपतं. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या थायरॉइड विभागाचा प्रमुख, एकतीस वर्षांचा सॉल हर्ट्झ उठतो आणि विचारतो, आयोडिन कृत्रिमरीत्या किरणोत्सारी करता येतं का?

कॉम्प्टनना तिथल्या तिथे उत्तर देता येत नाही. महिनाभरानं ते पत्रानं कळवतात: येतं.

तुम्ही निघाला होता स्तनाच्या कॅन्सरवरची जीन थेरपी बघायला, आणि ही स्वारी येऊन बसली गळ्यातल्या थायरॉइडपाशी. उठू नका, वाट इथूनच जाते. थायरॉइड ग्रंथी रक्तातलं आयोडिन वेचून स्वतःत साठवते, हे तेव्हाही माहीत होतं. हर्ट्झच्या डोक्यात आलं ते पुढचं. आयोडिन किरणोत्सारी असेल तर ग्रंथी तेही आपणहून ओढून घेईल. मग बाहेरून गायगर काउंटर धरला की ते कुठे गेलं हे कळेल, आणि मात्रा वाढवली की तिथल्याच पेशी जळतील. शोधायला आणि मारायला एकच पदार्थ, पत्ताही रुग्णाच्या शरीरानंच दिलेला. माझ्या मते वैद्यकातल्या सर्वांत देखण्या कल्पनांपैकी ही एक आहे, आणि पुढे जे काही तुम्ही बघणार आहात ते सगळं या एका कल्पनेचा हट्ट आहे.

हर्ट्झ आणि एमआयटीचा भौतिकशास्त्रज्ञ आर्थर रॉबर्ट्स आधी ४८ सशांवर प्रयोग करतात. त्यांच्या हातातलं आयोडिन पंचवीस मिनिटांत निम्मं होतं, त्यामुळे सगळी कामं पळापळीची. ३१ मार्च १९४१ ला थायरॉइड बेफाम झालेली पहिली रुग्ण किरणोत्सारी आयोडिन घेते. त्यांच्या प्रयोगशाळेत रेंगाळायला हरकत नव्हती, पण आपल्याला न्यूयॉर्क गाठायचं आहे.

१९४३, ब्राँक्स, माँटिफिओर हॉस्पिटल. खाटेवरच्या माणसाची थायरॉइड काढून टाकल्याला अनेक वर्षं झालीत. तरी त्याचं वजन घटतंय, छाती धडधडतेय, थायरॉइडचं संप्रेरक अंगात भरमसाट आहे. ग्रंथीच नाही तर हे बनवतंय कोण? डॉ. सॅम्युएल सीडलिन आणि त्यांचे सहकारी त्याला किरणोत्सारी आयोडिन देतात आणि अंगावरून काउंटर फिरवतात. तुम्ही मागे उभे राहून कान द्या. जिथे थायरॉइडचं काही नावनिशाण नसायला हवं, तिथे काउंटर वाजायला लागतो. कॅन्सर हाडाबिडांत पसरलाय, आणि पसरलेल्या गाठींना आपलं मूळ गाव आठवतंय: त्या अजून आयोडिन ओढताहेत. उपचारांनी त्याला आराम पडतो आणि १९४६ मध्ये हा अहवाल छापून येतो. थायरॉइडच्या कॅन्सरवर आजही हाच उपचार आहे. अंगभर विखुरलेला कॅन्सर एका घोटात शोधून तिथेच मारण्याची ही सोय बाकी कोणत्या कॅन्सरला मिळाली? जवळजवळ कोणालाच नाही. हाच सल पुढची पन्नास वर्षं लोकांना छळत राहिला.

आता घराजवळ या. परळला, अलीकडची एखादी सकाळ. १९६३ साली सुरू झालेलं भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर सध्या टाटा हॉस्पिटलच्या ॲनेक्स इमारतीत आहे. बाहेर बाकांवर गावोगावची माणसं, फाइली पिशव्यांत, प्रत्येकाच्या गळ्यावर आडवा व्रण. थायरॉइड काढून झालीय, उरलंसुरलं जाळायला आयोडिन घ्यायचंय. अशा कुठल्याही केंद्रात जे संभाषण होतं ते तुम्ही ऐका.

"बाळ अंगावर पितंय का?"

"पितंय की. चौदा महिन्यांचं झालं, पण सोडतच नाही."

"सोडवावं लागेल ताई. आणि आयोडिन लगेच नाही देणार. दूध आटू दे, दीड-दोन महिन्यांनी या."

सासूबाईंना हे पटत नाही. "औषध गळ्याचं ना? दुधाचा काय संबंध?"

"औषध रक्तात जातं, मावशी. रक्तातून दुधात उतरतं. बाळाच्या गळ्यातही थायरॉइड आहे."

सासूबाई गप्प होतात, पण प्रश्न त्यांनी लाखमोलाचा विचारलाय. दुधात थोडंफार झिरपत असतं तर गोष्ट वेगळी. दूध देणारा स्तन रक्तातलं आयोडिन मुद्दाम उपसून दुधात घालतो, कारण बाळाच्या मेंदूची वाढ त्यावर अवलंबून आहे. म्हणजे गळ्यातल्या ग्रंथीकडे जी यंत्रणा आहे, तीच स्तनाकडेही आहे? हे नक्की कळायला ती यंत्रणा हातात सापडायला हवी होती.

पुन्हा ब्राँक्स, पण आता अल्बर्ट आइनस्टाइन कॉलेज ऑफ मेडिसिन. मेक्सिकोतून आलेल्या नॅन्सी कारास्को यांची प्रयोगशाळा, १९८९ ते १९९६ मधला कुठलाही दिवस धरा. सूक्ष्मदर्शकाखालच्या बशीत आफ्रिकन नखवाल्या बेडकीची अंडी आहेत. एकेक अंडं जेमतेम मिलिमीटरभर; अर्धं गडद तपकिरी, अर्धं साईच्या रंगाचं. काचेची ओढून बारीक केलेली सुई एका अंड्याच्या कातडीवर टेकते, कातडी किंचित दबते आणि सुई आत जाते. दिसेल न दिसेल इतका थेंब आत सोडला जातो. त्या थेंबात उंदराच्या थायरॉइड पेशींमधला आरएनए आहे. मग काही दिवस थांबायचं. अंडं बिचारं आलेला निरोप वाचून त्याबरहुकूम प्रथिनं बनवतं. त्यानंतर अंडी किरणोत्सारी आयोडिनच्या पाण्यात बुडवायची, धुवायची आणि मोजायची. ज्या अंड्यानं आयोडिन उचललं, त्याला दिलेल्या निरोपात हवा तो पंप आहे.

निरोप मात्र हजारो, एकत्र कालवलेले. ते गटांत वाटायचे, जो गट आयोडिन उचलेल तो पुन्हा वाटायचा, पुन्हा सुई, पुन्हा थांबणं. अंड्यांनी पहिल्यांदा आयोडिन उचललं त्याची बातमी १९८९ ची; एकच जनुक वेगळं होऊन 'नेचर'मध्ये छापून आलं ते १९९६ साली. विज्ञानाच्या बातम्यांत हा मधला काळ कधी दिसत नाही, म्हणून तुम्हाला इथे जरा जास्त वेळ उभं केलं. जनुकाचं नाव एनआयएस, म्हणजे सोडियम-आयोडाइड सिंपोर्टर. पेशीच्या पडद्यात बसलेला हा पंप दोन सोडियमबरोबर एक आयोडाइड आत खेचतो, आणि रक्तात असतं त्याच्या वीस ते चाळीस पट आयोडिन थायरॉइडमध्ये जमा करतो.

त्याच प्रयोगशाळेत चार वर्षं पुढे सरका, सन २०००. आता समोर उंदीर आहेत. पिल्लांना पाजणाऱ्या उंदरिणीच्या स्तनांत हाच पंप सापडतो. पिल्लांचं दूध तुटलं की तो नाहीसा होतो. माणसांच्या गाठींचे नमुने तपासले जातात, आणि खोलीतला आवाज एकदम बदलतो. निरोगी, दूध न देणाऱ्या स्तनात पंप नाही, पण स्तनाच्या कॅन्सरच्या ८० टक्क्यांहून जास्त नमुन्यांत आहे. पोराला पाजतानाची ही यंत्रणा गाठीनं परत चालू केली आहे. स्तनात गाठी असलेला उंदीर गॅमा कॅमेऱ्याखाली ठेवतात. तोच पंप किरणोत्सारी टेक्नेशियमही ओढतो, त्यामुळे गाठी पडद्यावर काळ्या उमटतात. १९४३ च्या त्या माणसाचं नशीब आता स्तनाच्या कॅन्सरच्या बाईलाही मिळणार, असं तिथे उभ्या असलेल्या कोणालाही वाटेल. तुम्हालाही वाटू द्या. त्या वर्षी ते वाटणं चुकीचं नव्हतं.

मग स्टॅनफर्डमध्ये डॉ. आयरीन वापनीर यांच्या गटानं पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या बायकांना कॅमेऱ्याखाली घेतलं. २००४ चा अहवाल. पंप असलेल्या गाठींपैकीही फार थोड्या गाठींनी आयोडिन उचललं. कारण कळायला वेळ लागला: प्रथिन बनतं, पण पेशीच्या पडद्यावर जाऊन बसतच नाही, आतच राहतं. नवं शटर आणलं, पण दुकानाला न बसवता गोदामात टाकून दिलं, त्यातली गत. नमुना रंगवून बघणाऱ्याला शटर दिसतं, गिऱ्हाइकाला नाही. शिवाय गळ्यातली थायरॉइड जागेवर असतेच. बहुतेक आयोडिन ती गट्ट करते. तिला आधी गोळ्या देऊन झोपवावं लागतं.

इथे जीन थेरपी गोष्टीत येते. गाठीचा स्वतःचा पंप कामाचा नसेल, तर आपण नवा पाठवू. एनआयएसचं जनुक घ्यायचं, ते विषाणूच्या पोटात घालायचं, आणि त्याच्या पुढे असं बटण जोडायचं की ते स्तनाच्या कॅन्सरच्या पेशीतच दाबलं जाईल. मग थोडं आयोडिन देऊन फोटो काढायचा: जनुक पोचलं का, कुठे पोचलं, नको तिथे तर नाही ना गेलं? फोटो बरा आला तर मोठी मात्रा. आयोडिन-१३१ मधून निघणारे बीटा कण एक-दोन मिलिमीटरपर्यंत मजल मारतात, त्यामुळे जनुक ज्या पेशीत पोचलं नाही ती शेजारीणही भाजून निघते. सगळ्या पेशींपर्यंत जनुक पोचवणं कधीच जमत नाही, हे या क्षेत्राचं जुनं दुखणं. त्यावर हा उतारा.

पण विषाणू अंगात सोडायचा म्हणजे काय, हे न बघता पुढे जाऊ नये. म्हणून थोडं मागे, सप्टेंबर १९९९, फिलाडेल्फिया, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचं रुग्णालय. अठरा वर्षांचा जेसी गेल्सिंगर. कॅन्सर नाही, यकृतातल्या एका विकराच्या कमतरतेचा सौम्य आजार, पथ्यपाणी आणि गोळ्यांनी आटोक्यात असलेला. पुढे याच आजाराच्या तान्ह्या बाळांना उपयोग होईल, म्हणून तो चाचणीत आलाय. १३ तारखेला त्याच्या यकृताच्या धमनीत जनुक वाहून नेणारा ॲडिनोव्हायरस सोडतात. शरीर त्या विषाणूवर असं काही तुटून पडतं की एकेक अवयव बंद पडत जातो. १७ तारखेला जेसी जातो. त्या खोलीत थांबण्यासारखं काही नाही. जोखमींची पुरेशी कल्पना दिली नव्हती, हे पुढच्या चौकशीत निघालं, आणि अमेरिकेतल्या जीन थेरपीचे नियम त्यानंतर कडक झाले. उशिरा का होईना.

आता मिनेसोटातलं रॉचेस्टर, मेयो क्लिनिक, २००५. रोशीन ड्वायर आणि जॉन मॉरिस यांचा गट. उंदरांच्या अंगावर माणसाच्या स्तनाच्या कॅन्सरच्या गाठी वाढवल्यात. वाहक ॲडिनोव्हायरसच, पण तो थेट गाठीत टोचलाय, आणि पुढचं बटण आहे एमयूसी-१ या जनुकाचं, जे स्तनाच्या बहुतेक कॅन्सरमध्ये जोरात चालू असतं. कॅमेऱ्याचा पडदा बघा. उंदराची थायरॉइड दिसते, जठर दिसतं (तिथेही हा पंप असतो), मूत्राशय दिसतं, आणि जिथे निसर्गानं काही दिसायला ठेवलेलं नाही तिथे टोचलेली गाठ स्पष्ट दिसते. मोठी मात्रा दिल्यावर त्या गाठी आक्रसतात; जनुक न मिळालेल्या गाठी वाढत राहतात. हर्ट्झचा प्रश्न अखेर स्तनाच्या कॅन्सरपर्यंत पोचला, पण उंदरात.

मेयोमध्येच जून २०१३ पर्यंत थांबा. स्टीफन रसेल यांच्या गटानं एनआयएसचं जनुक गोवरच्या लशीतल्या विषाणूत बसवलंय. हा विषाणू एडमन्स्टन घराण्यातला. पुण्याची सिरम इन्स्टिट्यूट ज्या विषाणूपासून गोवरची लस बनवते, तोही त्याच घराण्याची झाग्रेब शाखा. तुमच्या मुलांच्या दंडात गेलेल्याचा चुलतभाऊ म्हणा. खुर्चीतल्या बाईला अस्थिमज्जेचा कॅन्सर आहे, मल्टिपल मायलोमा, आणि नेहमीचे उपाय थकलेत. शिरेतून जी मात्रा जातेय ती जवळपास एक कोटी लोकांना टोचता येईल इतकी. डोकं ठणकतं, उलट्या होतात, ताप १०५ वर जातो. पण तिच्या कपाळावरची गाठ विरघळते. २०१४ मध्ये हे छापून आल्यावर जगभर मथळे झाले: गोवरानं कॅन्सर बरा. मथळ्यांनी सांगितलं नाही ते असं, की हीच मात्रा मिळालेल्या दुसऱ्या रुग्णाच्या स्कॅनवर विषाणू गाठींमध्येच मुक्कामाला असल्याचं स्पष्ट दिसलं, तरी तिला असा फायदा झाला नाही. आणि ज्यांच्या अंगात गोवरविरुद्ध प्रतिपिंडं भरपूर आहेत, म्हणजे तुम्ही-आम्ही जवळपास सगळेच, त्यांच्या रक्तात हा विषाणू गाठीपर्यंत पोचण्याआधीच टिपला जातो. पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरवर गोवरच्या आणखी एका सुधारित विषाणूची मेयोतली चाचणी पहिल्या टप्प्याची आहे. पहिला टप्पा म्हणजे फक्त एवढंच विचारणं, की हे देणं सुरक्षित आहे का.

दरम्यान तुमच्या पाठीमागून दुसरीच एक वाट पुढे निघून गेली. लॉस एंजेलिस, १९८७: डेनिस स्लेमन स्तनाच्या १८९ गाठींचं जनुकीय सामान तपासतात, सुमारे ३० टक्के गाठींत हर-टू या जनुकाच्या प्रती वाजवीपेक्षा जास्त निघतात (आजचा अंदाज १५ ते २० टक्क्यांचा). त्यांनी जनुक दुरुस्त करायच्या फंदात न पडता, त्यातून बनणारं प्रथिन पकडणारं प्रतिपिंड वापरलं. सप्टेंबर १९९८ मध्ये हे प्रतिपिंड ट्रास्टुझुमॅब या नावानं बाजारात आलं, आणि पुढे भारतातही त्याची देशी आवृत्ती निघाली. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनला याच प्रतिपिंडावर किरणोत्सारी झिर्कोनियम-८९ चढवून रुग्णांचे पेट स्कॅन काढले: हर-टूच्या गाठी अंगभर कुठे आहेत ते एका चित्रात. ते २०१० साल. बीआरसीए जनुकांतला दोष घेऊन जन्मलेल्या बायकांच्या पसरलेल्या कॅन्सरसाठी ओलापॅरिबच्या गोळ्यांना अमेरिकेत जानेवारी २०१८ मध्ये मंजुरी मिळाली. शोधणं आणि मारणं हे हर्ट्झचंच स्वप्न, पण जनुक पेशीत न घालता, फक्त वाचून साधलेलं.

हे वाचणं तुम्ही मुंबई-पुण्याच्या चांगल्या पॅथॉलॉजी लॅबमध्येही बघू शकता. खोली अंधारी. काचपट्टीवर गाठीचा पातळ काप, त्याला चकाकणारे रंग दिलेले. सूक्ष्मदर्शकात निळ्या गोल पेशीकेंद्रांत हिरवे आणि लाल ठिपके. हिरवे म्हणजे सतरावं गुणसूत्र, लाल म्हणजे हर-टू. सामान्य पेशीत दोन हिरवे, दोन लाल. पॅथॉलॉजिस्ट बाई काचपट्टी सरकवतात आणि एका केंद्रात लाल ठिपक्यांचा पुंजका येतो. मोजायला गेलं तर एकात एक मिसळलेले. त्या पुंजक्यावर एका बाईचं पुढचं वर्षभराचं औषध ठरतं.

तुम्ही आजच्या तारखेला परत आलात. जनुकांच्या या धावपळीत नेमकं हाती काय आहे? रक्ताच्या काही कॅन्सरसाठी जनुक बदललेल्या पेशींचा उपचार मिळतो. पवईच्या आयआयटीत जन्मलेली नेक्सकार-१९ एप्रिल २०२४ मध्ये सुरू झाली. स्तनाच्या कॅन्सरसाठी गाठीत जनुक सोडणारा एकही उपचार अमेरिका, युरोप किंवा भारताच्या नियामकांनी मंजूर केलेला नाही. तेव्हा कोणी 'स्तनाच्या कॅन्सरवर जीन थेरपी' म्हणून पॅकेज सांगितलं, तर एकच विचारा: भारताच्या क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीत हिचा नोंदणी क्रमांक काय? नोंदणी असेल तर ती चाचणी आहे, आणि चाचणीतल्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. नोंदणी नसेल तर चप्पल घालून बाहेर पडा.

आणि गाठीचा रिपोर्ट हातात आला की त्यात ईआर, पीआर (हे दोन संप्रेरकांचे ग्राहक) आणि हर-टू हे तीन शब्द शोधा. नसतील तर डॉक्टरांना विचारायला लाजू नका, उपचार त्यावरच ठरतो. पण रिपोर्टच्याही आधी गाठ सापडायला हवी. त्यासाठी विषाणू लागत नाही, आयोडिन लागत नाही. टाटा हॉस्पिटलनं १९९८ पासून मुंबईतल्या वस्त्यांमध्ये ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ बायकांवर वीस वर्षं चाललेला अभ्यास केला. निम्म्या बायकांचे स्तन प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हातानं तपासत होत्या. सगळ्या वयांचा हिशेब एकत्र केला तर मृत्यूंतला फरक ठामपणे सिद्ध झाला नाही, पण पन्नाशी ओलांडलेल्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. घरात पन्नाशीपुढची आई, मावशी, बहीण असेल, तर या महिन्यात तिला तपासणीला घेऊन जा.